सीलिअ‍ॅक असलेल्या लेकीचं अभ्यासातलं लक्ष परत येतं का?

गोदाकाठची (नाशिक)

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक आठ वर्षांची, तिसरीत आहे. तीन महिन्यांपूर्वी तिला सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतडं बिघडतं तो आजार, असल्याचं कळलं. त्याआधीची दोन वर्षं आठवली तरी जीव कासावीस होतो. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. जंताचं औषध तीनदा झालं. लोहाचं सिरप दीड वर्ष चालू होतं, तरी हिमोग्लोबिन ८ च्या वर सरकेना. मी औषध नेमाने देत नाही, असंही मला तोंडावर ऐकवलं गेलं. शेवटी एका नव्या बालरोगतज्ज्ञांनी वजन-उंचीचा तक्ता समोर ठेवला. साडेपाच वर्षांपर्यंत रेघ बरी चढत होती आणि मग आडवीच पडली होती. त्यांनी टीटीजी ही सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करायला सांगितलं. ते वरच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त आलं. एंडोस्कोपीच्या रिपोर्टात मार्श ३, म्हणजे आतड्याचं अस्तर झिजलेलं.

गहू बंद केल्यावर पोटाचं म्हणाल तर जादू झाली. पंधरा दिवसांत पोट उतरलं, वजन दोन किलो वाढलं, रात्रीची चिडचिड गेली. माझा प्रश्न पोटाचा नाही.

पहिलीत ही पोर हुशार म्हणून ओळखली जायची. दुसरीपासून बाईंच्या तक्रारी सुरू झाल्या. फळ्यावरचं अर्धं उतरवते, मग पेन्सिल हातात धरून नुसती बसते. हाक मारली तरी दुसऱ्या हाकेला बघते. सातचा पाढा रात्री माझ्यासमोर घडाघडा म्हणते आणि सकाळी सात पंचे पस्तीसच्या पुढे कोरी पाटी. "आई, होता गं आत्ता, कुठे गेला?" असं विचारते, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. तीन महिने झाले, पोट सुधारलं, पाढा अजून तसाच आहे. मेंदूचं काही कायमचं बिघडलंय का? किती दिवस वाट बघायची?

दुसरं म्हणजे, ती आता कोणाच्या वाढदिवसाला जायला तयार नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला मी सोबत गेले होते. केकचा तुकडा हिच्या हातात आला. हिने तो मैत्रिणीच्या ताटलीत ठेवला, उठली, बेसिनवर जाऊन दोन्ही हात साबणाने धुतले आणि येऊन गुपचूप माझ्या मांडीवर बसली. कोणी काही बोललं नव्हतं. तेव्हापासून "मला नाही जायचं" एवढंच.

घरात सासूबाईंचं म्हणणं, एवढंसं खाल्लं तर काय होतं? त्या वाईट नाहीत, त्यांना खरंच कळत नाही. संध्याकाळी त्या तिला मऊ भात, तूप आणि मेतकूट भरवतात. तेवढंच ती आवडीने खाते, म्हणून मीही काही म्हणत नाही.

कोणाच्या घरी असं मूल असेल तर कृपया लिहा.


शेतकरी_आहार

ताई, काळजी करू नका. साधा गहू बंद करून खपली गहू सुरू करा. जुनं वाण आहे, त्यात ग्लुटेन नसतं. आमच्या ओळखीत दोघांना फरक पडलाय.


इचलकरंजीकर

वरचा सल्ला अजिबात ऐकू नका, म्हणून आधी तेवढंच लिहितो. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असतं. पचायला हलका वाटतो, मधुमेहवाले घेतात, ते सगळं ठीक. सीलिअ‍ॅकला तो विषासारखाच. जव, रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरड्या यांचंही तेच. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण या एका गैरसमजापायी आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं वर्ष वाया गेलंय.

आता तुमच्याबद्दल. ताई, तुमचा पाढ्याचा परिच्छेद मी दोनदा वाचला. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. सातव्या वर्षी निदान झालं, २०१९ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी त्याच पाढ्यासाठी मी त्याच्यावर हात उगारलाय. माझं हार्डवेअरचं दुकान. रात्री नऊला घरी यायचो, जेवण व्हायच्या आधी त्याला समोर बसवायचो. त्याचे डोळे मिटायचे, मला वाटायचं टाळाटाळ करतोय. त्याच्या अंगात रक्तच नव्हतं. हे मी विसरू शकत नाही, आणि तुमच्यासारख्या कोणी विचारलं की लिहायला बसतो ते त्यासाठीच.

आम्हाला पोटाच्या डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. लहान आतड्याच्या आतून मखमलीसारखं अस्तर असतं. त्या मखमलीचे केस, म्हणजे रसांकुर, अन्नातलं सत्त्व ओढून घेतात. ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच अस्तरावर हल्ला करतं आणि मखमल झिजून सपाट होते. मार्श ३ म्हणजे तेच. ही झीज सगळ्यात जास्त जठराला लागून असलेल्या पहिल्या भागात होते, आणि लोह शोषलं जातं तेही मुख्यतः तिथेच. म्हणून दीड वर्ष सिरप देऊनही तुमचं हिमोग्लोबिन हललं नाही. तुम्ही औषध चुकवलं नाही, औषध आत गेलंच नाही. ज्यांनी तुम्हाला ऐकवलं त्यांना तो तक्ता दाखवा.

आणि लोह फक्त रक्ताला लागत नाही. मेंदूत निरोप नेणारी जी रसायनं आहेत ती तयार व्हायला लागतं, मज्जातंतूंवरच्या आवरणाला लागतं. लोह कमी असलेलं मूल ऐकतं, पण धरून ठेवू शकत नाही. रात्री आलेला पाढा सकाळी जातो तो असा. हिमोग्लोबिन सुधारलं तरी साठ्यातलं लोह भरायला बराच वेळ लागतो. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिन करायला सांगा. आमच्याकडे हिमोग्लोबिन ११ झालं तेव्हा मी पेढे वाटले होते आणि फेरिटिन होतं ६. सोबत बी१२, डी जीवनसत्त्व आणि थायरॉईड हेही विचारा. थायरॉईडचा त्रास या मुलांत जास्त दिसतो आणि त्यानेही मूल सुस्त होतं.

शाळेने सांगितलं म्हणून आम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं होतं. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली बुद्धिमापन चाचणी असते, ती त्यांनी घेतली. मी दाराबाहेर बसलो होतो, आतलं ऐकू येत होतं. बाई आकडे म्हणायच्या, त्याने तसेच परत म्हणायचे. "पाच, आठ, दोन." म्हटलं त्याने. चार आकडे झाले की तिसऱ्यावर अडायचा, मग नुसता श्वास ऐकू यायचा. दुसऱ्या एका भागात आकृत्यांमध्ये ठराविक खुणा भरायच्या होत्या, घड्याळ लावून. त्यातही तो मागे पडला. पण गोष्टी समजणं, शब्दांचे अर्थ सांगणं, दोन वस्तूंत साम्य काय ते ओळखणं, यात वयाच्या पुढे. बाई म्हणाल्या, समज शाबूत आहे, इंधन कमी पडतंय. दीड वर्षाने पुन्हा घेतली तेव्हा सहा आकडे सरळ म्हणाला. वय वाढलं की हे थोडं वाढतंच, असंही त्यांनी स्वतःहून सांगितलं, म्हणून सगळं श्रेय आहाराला देत नाही. पण खुणा भरायचा वेगही वयाला साजेसा झाला होता, आणि घरी आम्हाला आकड्यांची गरज नव्हती. संध्याकाळी सायकल काढायला लागला, तेव्हाच कळलं.

किती दिवस? आमच्याकडे चिडचिड महिन्यात गेली, झोप दोन महिन्यांत सुधारली. वर्गातलं लक्ष सहा-आठ महिन्यांनी यायला लागलं आणि पाढे-बिढे बसायला वर्ष गेलं. तुमचे तीन महिने म्हणजे सुरुवात आहे. मधल्या काळात जो अभ्यास बुडाला तो आपोआप येत नाही, तो मागे जाऊन करून घ्यावा लागतो. आम्ही तिसरीत असताना दुसरीचं गणित पुन्हा घेतलं, रोज वीस मिनिटं, सकाळी नाश्ता झाल्यावर. रात्री कधीच नाही.

पण वर्ष आणखी लवकर सरलं असतं, आमची चूक झाली नसती तर. ती सांगतो, कारण तुमच्या घरी तीच होत असणार.

नऊ महिने झाले तरी त्याचं टीटीजी उतरेना. २०० च्या वरून १३० वर आलं आणि अडकलं. बायको रडायची, मी तिच्यावर संशय घ्यायचो, ती आजीवर. शेवटी ज्वारी दळायला गेलो असताना सहज गिरणीवाल्याशी बोललो. त्याने जात्याचं झाकण उघडून दाखवलं. आत पांढरं पीठ थरावर थर बसलेलं. म्हणाला, "दादा, तुमच्या आधी गहूच होता की. आधीच्याचं पीठ पुढच्याच्या डब्यात थोडं जाणारच." नऊ महिने आम्ही त्याला शुद्ध ज्वारीची भाकरी म्हणून गहू खाऊ घालत होतो. ग्लुटेनमुक्त म्हणायला आपल्याकडे कायद्याने मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम. म्हणजे चिमूटभर पिठानेही ती ओलांडली जाते. त्याच आठवड्यात हप्त्याने घरघंटी घेतली. तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही. पुढच्या सहा महिन्यांत टीटीजी ३८ वर आलं, नंतर नॉर्मल.

तर ताई, मेतकूट. पारंपरिक मेतकुटात गहू असतो. हरभऱ्याची डाळ, तांदूळ, उडीद यांच्याबरोबर मूठभर गहू भाजून घालतात. सासूबाई प्रेमाने भरवतात त्या घासातच तो रोज जातोय. त्यांच्याशी भांडू नका, त्यांनाच नवं मेतकूट करायला सांगा. गव्हाऐवजी थोडे तांदूळ वाढवायचे, चवीत फरक पडत नाही. आमच्या आईने एकदा स्वतःच्या हाताने केलं आणि त्या दिवसापासून ती घरातली सगळ्यात कडक पहारेकरी झाली. मोहरी, मेथी, धणे, सगळं स्वतः निवडते, चुकून गव्हाचा दाणा आला तर वाटीत बाजूला काढून मला दाखवते.

हिंगाची डबी उलटी करून वाचा. बाजारातला बराच हिंग गव्हाच्या पिठात मळलेला असतो. तांदळाच्या पिठातला मिळतो, तो शोधा. थालीपिठाची भाजणी विकतची नको, तिच्यातही गहू असतो. नाचणीची म्हणून विकली जाणारी बिस्किटं पाठीमागून वाचलीत तर पहिला घटक बहुतेकदा मैदा किंवा गहू असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी बंद, माल्ट जवापासून होतं. पीठ चाळायची चाळणी वेगळी, पोळपाट-लाटणं वेगळं, तिच्या भाकऱ्या आधी आणि घरच्या पोळ्या नंतर. ज्या तेलात शंकरपाळे तळले त्यात तिचे पापड नकोत.

उलट उपवासाचं जवळजवळ सगळं तिला चालतं. वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. उकडीचे मोदक, घावन, आंबोळ्या, गव्हाचं पीठ न घातलेली धिरडी. आपल्या घरात गव्हाशिवाय किती आहे हे मला चाळिशीत कळलं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. तिला भावंड आहे का? सख्ख्या भावंडांत साधारण दहा-बारांत एकाला हा आजार सापडतो, लक्षणं नसली तरी. त्याचं टीटीजी करून घ्या, आणि तपासणी होईपर्यंत त्याचा गहू बंद करू नका. बंद केला तर रिपोर्ट फसवा येतो.


उट्रेख्तवासी (नेदरलँड्स)

वरचं सगळं वाचून मी वाढदिवसाबद्दल लिहिते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. इथे दवाखान्यात वर्षातून एकदा त्याला एक छोटी प्रश्नावली देतात. इथल्याच डॉक्टरांनी सीलिअ‍ॅकच्या मुलांसाठी बनवलेली, बारा प्रश्नांची. उत्तर म्हणून पाच चेहरे असतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, मुलाने एकावर खूण करायची. दुसरी मुलं खातात ते तुला खाता येत नाही तेव्हा कसं वाटतं, कोणाला आजार समजावून सांगताना कसं वाटतं, असे प्रश्न. पालकांना तोच कागद वेगळा भरायचा असतो. पहिल्या वर्षी मी सगळीकडे रडके चेहरे भरले. त्याच्या कागदावर आहाराच्या प्रश्नांना मधला चेहरा होता, दुसऱ्यांना समजावून सांगण्याच्या प्रश्नांना हसरा. रडका फक्त एकाच ठिकाणी, लोक सीलिअ‍ॅकबद्दल त्याच्याशी बोलतात तिथे. नर्सने विचारलं, घरी सगळ्यात जास्त कोण बोलतं? मीच.

इथे वाढदिवसाला मूल शाळेत सगळ्यांना खाऊ वाटतं, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा प्रसंग येतो. वर्गातल्या कपाटात त्याच्या नावाचा पत्र्याचा डबा आहे, मी भरून ठेवते. खाऊ वाटायला लागले की तो स्वतः उठून डब्यातलं निवडतो. कोणाला "नाही" म्हणावं लागत नाही, हात धुवावे लागत नाहीत.

या आजाराचं कारण इथेच सापडलं, हे मला इथे आल्यावर कळलं. हेगमधले मुलांचे डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे देशात पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते, आणि सगळी मुलं वाळत असताना त्यांच्या वॉर्डातली सीलिअ‍ॅकची मुलं सावरायला लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी उट्रेख्तला त्यावर प्रबंध दिला. मी रोज सायकलवरून त्या विद्यापीठाच्या बाजूने जाते. तुमच्या मुलीच्या नशिबी कारण माहीत असलेला आजार आहे ताई, हे मी मनापासून म्हणते.


प्राथमिक_शिक्षिका (सातारा जिल्हा)

माझ्या वर्गात दोन वर्षं असा मुलगा होता. शाळेला तोंडी सांगू नका, डॉक्टरांच्या पत्राची प्रत मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षिकेला द्या. त्यात तीन गोष्टी असू द्या: काय चालत नाही, चुकून खाल्लं तर काय दिसेल, आणि शौचाला जायला विचारलं तर लगेच सोडावं. तिसरी गोष्ट मुलं स्वतः कधी सांगत नाहीत. माझा विद्यार्थी पोट धरून बसायचा आणि आम्ही त्याला अभ्यासात लक्ष नाही म्हणायचो.

फळ्यावरचं अर्धं उतरवते, असं तुम्ही लिहिलंय. बाईंना सांगा, वर्षभर तिला फळ्यावरून उतरवायचं कमी द्या, वही शेजारणीची बघू द्या. आणि पाढा उभं करून सगळ्यांसमोर म्हणायला लावू नका.

तो पत्र्याचा डबा मी या सोमवारपासून माझ्या वर्गात ठेवतेय. एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे.


गोदाकाठची (नाशिक)

सगळ्यांना हात जोडून धन्यवाद. इचलकरंजीकर दादा, तुमचं लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. मेतकुटापाशी त्या उठून आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. बरणी घेऊन बाहेर आल्या, ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "तीन महिने मीच घालत होते की गं तिला." मग आम्ही दोघीही रडलो. ती बरणी कामाच्या मावशींना दिली. काल दुपारी नवं भाजलं, तांदूळ वाढवून. हिंगाच्या डबीवर दुसऱ्याच ओळीत गव्हाचं पीठ लिहिलं होतं, आठ वर्षं तीच डबी आणतेय मी. दळण आम्ही कोपऱ्यावरच्या गिरणीत देत होतो. घरघंटीची चौकशी केलीय, दिवाळीआधी घेऊ.

धाकटा पाच वर्षांचा आहे. त्याचं रक्त आणि हिचं फेरिटिन उद्या सकाळी एकत्रच द्यायचंय. त्याचा गहू चालूच ठेवलाय.

उट्रेख्तच्या ताई, मी वहीच्या पानावर पाच चेहरे काढून लेकीसमोर ठेवले आणि स्वतःच प्रश्न केले. पोळी खाता येत नाही, याला तिने मधला चेहरा दाखवला. वाढदिवसाला केक खाता येत नाही, त्यालाही मधलाच. मग मी विचारलं, "घरी आल्यावर आई विचारते, काय खाल्लंस, कोणाचं खाल्लंस, तेव्हा?" तिने पेन्सिल घेतली आणि शेवटच्या चेहऱ्याला डोळ्यांतून पाणी काढून दिलं.

शनिवारी तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे. जायचं का, हे मी विचारणार नाही. राजगिऱ्याचे लाडू करून डबा दाराजवळच्या कट्ट्यावर ठेवणार आहे, बघू ती उचलते का.